अर्ध्या कोयत्याची पदवी

ही गोष्ट मी आतापर्यंत एवढ्या जणांना सांगितली आहे की कुठे थांबायचं, कुठे डोळे मोठे करायचे आणि कुठे तोंडाला पदर लावायचा, हे मला झोपेतसुद्धा जमेल. लग्नात सांगितली, डोहाळजेवणात सांगितली. एकदा तर मातीहून परतताना जीपमध्ये सांगितली आणि मयताच्या सख्ख्या भावाला हसू आवरेना. लिहायला मात्र आज पहिल्यांदाच बसले आहे. लिहिताना समोर कोणी हसत नाही, हे आत्ताच लक्षात येतंय. चालेल.

आम्ही दोघं नवराबायको घाटनांदूरजवळच्या एका वसतिगृहात कामाला आहोत. आईबाप ऊसतोडीला गेले की मागे राहणारी पोरं इथे असतात, पहिलीपासून सातवीपर्यंत, मुलं आणि मुली दोन्ही. मी स्वयंपाकीण. आमचे हे चौकीदार. शिवाय पाण्याची मोटर, गेलेले बल्ब, तुंबलेली मोरी आणि साप, एवढी खाती त्यांच्याकडे. त्याआधी बारा हंगाम आम्ही स्वतःच ऊस तोडला. ह्यांच्या कमरेनं दगा दिला तेव्हा तो सुटला. स्वयंपाकघरामागच्या खोलीत आम्ही राहतो. आमची लेक लग्न होऊन परळीला गेली.

वसतिगृहाला एक अधीक्षिका असते. आमच्या मॅडम बाई चांगल्या, पण अंबाजोगाईहून येऊन-जाऊन करायच्या. साडेदहाला यायच्या, चारच्या गाडीनं जायच्या. पोरांची भांडणं, उवा, ताप, अंथरूण ओलं, आईची आठवण, हे सगळं माझ्या वाट्याला, सही त्यांची. कुणाचा मामा न्यायला आला तर मी म्हणायचे, ‘मॅडमला विचारून सांगते.’ तांदळात किडे निघाले, ‘मॅडमला विचारून सांगते.’ सात वर्षं हे एकच वाक्य. पोरांनी माझी नक्कल करायची म्हटली की पदर खोचून तेवढंच म्हणायची, आणि हुबेहूब म्हणायची.

तर मॅडम निवृत्त होणार असं ठरलं आणि संस्थेचे सचिव एका सकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. सचिव म्हणजे मोठे बागायतदार, दोनदा निवडणूक लढवलेले. त्यांना उभ्याउभ्या गरम भाकरी खायची सवय.

“मावशी,” भाकरीचा पापुद्रा काढत ते म्हणाले, “तुमचं शिक्षण किती हो?”

“बीए दुसरं वर्ष पास. पुढं लग्न.”

“आरं तिच्या! म्हंजे एकच वर्ष राहिलंय की. पुढच्या जूनपर्यंत पदवी आणा, खुर्ची तुमची. जून गेला की मला बाहेरून माणूस आणावं लागंल. मग मला नावं ठेवू नका.”

माझी भाकरी त्या दिवशी तव्यावर करपली. सात वर्षांत पहिल्यांदा.

अंबाजोगाईला मुक्त विद्यापीठाचं एक केंद्र आहे, तिथे आम्ही दोघं गेलो. हे का आले, तर आम्ही कुठेच एकटं जात नाही म्हणून. केंद्रावरच्या सरांनी माझी जुनी गुणपत्रिका उजेडात धरून पाहिली. कडा कसरीनं खाल्ल्या होत्या, पण आकडे शाबूत. सर म्हणाले, जुन्या दोन वर्षांचे गुण धरले जातील. राहिलेल्यातले काही विषय पुस्तकावरून करायचे, परीक्षा मे महिन्यात केंद्रावरच. चार विषय मोबाइलवर करता येतील. ते शिकायला फुकट. पैसे काय ते परीक्षेचे, आणि तेही किरकोळ. शिवाय थोडे क्रेडिट कामाच्या अनुभवाचे. मग त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं.

“काका, तुमचं शिक्षण?”

“दुसऱ्याच वर्षाला सोडलंय. पास हाय पर.”

“मग तुम्हीही भरा की फॉर्म. बसल्या बसल्या होऊन जाईल.”

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, “भरा. घरात एकटी मीच शहाणी झाले तर बोलू कुणाशी?” अशा रीतीने पन्नाशीला टेकलेल्या दोन माणसांचे दोन फॉर्म भरले गेले. ते मात्र वेगवेगळे भरले, हे लक्षात ठेवा.

अनुभवाच्या कागदावर तीन रकाने होते. कामाचं ठिकाण, पद आणि कालावधी. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: ऊसतोडणी, अर्धा कोयता, बारा हंगाम. सर वाचून एवढे हसले की शेजारच्या खोलीतला शिपाई बघायला आला. “अर्धा कोयता हे पद आहे होय?” आहे की. मुकादमाच्या यादीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात आणि नाव नवऱ्याचं लिहितात. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता. फडात तो तोडतो, ती मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवते. कधी ती तोडते आणि तो बांधतो. वजन पडतं ते कोयत्याच्या नावावर. ह्यातला कुठला ऊस तिनं तोडला आणि कुठला त्यानं, असं कोणी विचारत नाही. बारा वर्षांत मलाही कधी विचारावंसं वाटलं नाही.

सरांनी तो कागद बदलून वसतिगृहाच्या स्वयंपाकघराचा अनुभव लिहायला लावला. मग क्रेडिट म्हणजे काय ते समजावलं. “हे बघा, तुम्ही कुठंही शिका, शिकल्याची नोंद एका खात्यात जमा होत जाते. पुरेशी जमा झाली की पदवी.” आम्ही दोघांनी मान डोलावली. एवढं सोपं काहीतरी आम्हाला पहिल्यांदाच कोणी सांगत होतं. मोळ्या टाकत राहायच्या, गाडी भरली की निघाली.

त्या मोबाइलच्या चार विषयांचं खातं उघडायला आम्ही घाटनांदूरला ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात गेलो. दुकानदार जाड भिंगांचा, शांत माणूस. त्यानं विचारलं, “खातं कुणाच्या नावानं काढू?”

“ह्यांच्या,” मी म्हणाले.

“आणि तुमचं, काकू?”

“आमचं एकच. फोन एकच हाय न्हवं.”

त्यानं भिंगांवरून आमच्याकडे पाहिलं. “दोघांचं एकच?”

“एकच,” हे म्हणाले. “कावून, चालत न्हाई का?”

“चालतं की,” तो म्हणाला. त्याच्या बाजूनं ते खरंच होतं. एका माणसाचं खातं काढायचं होतं, त्यानं काढलं. आमच्या मागे रेशनच्या कामाची रांग लागली होती. मी आजवर त्याला दोष दिलेला नाही. गोष्ट सांगताना एखाद्या वेळी दिला असेल, पण तो गोष्टीला रंग चढावा म्हणून.

जानेवारीपासून एप्रिलपर्यंत आम्ही शिकलो. पोरांची जेवणं आटोपली, भांडी निघाली, की दुपारी दोन ते चार धान्याच्या खोलीत. ज्वारीच्या पोत्याला टेकवून फोन उभा करायचा. चार विषय: इतिहास, अर्थशास्त्राची ओळख, पर्यावरण आणि संवादकौशल्य. अर्थशास्त्र शिकवायला एक हिरव्या साडीतल्या बाई यायच्या. सगळे धडे एकाच दिवशी चित्रित केले असावेत, कारण साडी शेवटपर्यंत तीच राहिली आणि त्यांचा घसा हळूहळू बसत गेला. हे पहिल्या पाच मिनिटांत झोपायचे. बसल्याबसल्या, पाठ सरळ, चेहऱ्यावर एकदम अभ्यासू भाव. गाडीवर ऊस रचून झाल्यावर त्या उसावरच झोपायची सवय असलेला माणूस तो. ज्वारीचं पोतं म्हणजे गादीच.

दर आठवड्याला प्रश्न असायचे, चारातला एक पर्याय निवडायचा. उत्तर मी सांगायचे आणि पडद्यावर बोट हे टेकवायचे. त्याचं कारण म्हणजे माझी बोटं त्या फोनला दिसतच नाहीत. उसाच्या पात्यांनी आणि नंतर तव्यानं ती एवढी घासली आहेत की रेशनच्या मशीनवर अंगठा उमटत नाही आणि काचेला माझा स्पर्श कळत नाही. मी दाबतेय, दाबतेय, फोन आपला ढिम्म. म्हणून ह्यांना कोपरानं ढोसायचं, “आवो, दुसरा पर्याय!” की हे डोळे मिटलेले ठेवूनच बोट पुढे करायचे.

फोन उघडला की रोज वर अक्षरं यायची. स्वागत आहे, आणि पुढे ह्यांचं नाव. मी रोज हात जोडून म्हणायचे, “या विद्यार्थी महाराज, यावं, बसावं.” चार महिने मी ते नाव वाचलं. दोन वर्षं कॉलेज शिकलेली बाई मी, आणि एक दिवसही मला त्यात काही वावगं दिसलं नाही. मुकादमाच्या यादीत तेच नाव, रेशनकार्डावर तेच, गॅसच्या पुस्तकावर तेच. माझं त्यात कुठेतरी असणारच, असं मी धरून चालले होते.

एप्रिलमध्ये परीक्षेचं प्रवेशपत्र काढायला पुन्हा त्या दुकानात गेलो. छपाईयंत्रातून कागद बाहेर आले. चार. चारही कागदांवर ह्यांचा फोटो, दाढी न केलेला.

मी थांबले. यंत्र थांबलं होतं.

“आणि माझे?”

“तुमचे कुठले, काकू? तुमचं खातंच न्हाई.”

“पर अभ्यास आमी दोघांनी केलाय. हिनं तर जास्तच केलाय,” हे म्हणाले. “तिचं तिच्याकडं पडंल की आता.”

दुकानदारानं भिंगं काढून पुसली. सांगताना त्याला जड जात होतं. खातं म्हणजे एक माणूस, काका. जमा झालं ते सगळं तुमच्याच नावावर. आता ह्या सत्राची नोंदणी बंद झाली. पुढची जुलैत, परीक्षा हिवाळ्यात.

पदवी पाहिजे होती जूनला.

आता इथे मी गोष्ट सांगते तेव्हा छातीवर हात मारते, भिंतीला टेकते, लोक पोट धरून हसतात. खरं म्हणजे मी ह्यातलं काहीच केलं नाही. मी विचारलं, एकाच कागदावर दोन्ही बाजूंनी छापलं तर चाललं असतं का. तो म्हणाला, चाललं असतं. मग बाजारातून कोथिंबीर घेतली, दोन जुड्या. एक जुडी पिवळी निघाली ती बदलून घेतली. दिवसभर ऊस तोडून आल्यावर संध्याकाळी बोटं जशी असतात, म्हणजे हलतात, वाकतात, पण ताटली धरली तर ती जाणवत नाही, तशी मी अख्खी झाले होते. मला वाटलं, वसतिगृहावर पोचल्यावर रडू येईल. पोचले. वाट पाहिली. आमटीला फोडणी घालायची वेळ झाली.

त्याच संध्याकाळी माझ्या हाताखालच्या बाईला मी ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली. “आगं, चार महिने मी शिकले आन् पास हे व्हणार!” ती हसता हसता चुलीपुढे बसली. ती हसतेय म्हणून मी पुढे सांगत गेले. पोत्याला टेकलेला फोन, हिरवी साडी, मिटल्या डोळ्यांचं बोट. इतकी छान गोष्ट आपल्याकडे आहे, ह्याचाच मला आनंद झाला. तो खराच आनंद होता. बाकीचं कुठे गेलं, ते मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी हे म्हणाले, “मी न्हाई बसत परीक्षेला. तुझा अभ्यास हाय.”

“बसा.”

“मला काय येतंय त्यातलं? ती हिरवी साडी सोडून काय बी आठवत न्हाई.”

“तोडलेला ऊस फडात वाळवायचा का आता? गाडीत घाला. कुणाच्या का नावानं असंना.”

तोडलेला ऊस वाळू देणं हे पाप आमच्या घरात कोणी केलेलं नाही.

तीन आठवडे मी त्यांना शिकवलं. भाकरी थापताना मागणी-पुरवठा, तांदूळ निवडताना स्वातंत्र्यलढा. ते मोरी साफ करत असले की मी खिडकीतून विचारायचे, “ओझोनचा थर कशानं विरळ झाला?” आणि मोरीतून उत्तर यायचं. सातवीच्या पोरींना हे भारी आवडलं. त्या उत्तरं ऐकून ऐकून पाठ करून बसल्या. मी चिडले नाही, ओरडले नाही. बारा हंगाम ज्याच्यासोबत ऊस तोडला, त्या माणसाला हवं तेवढं शिकवता येतं. फक्त एकदा त्यांनी विचारलं, “राग आला का गं?” मी आत जाऊन पाहिलं, म्हणजे मनात. तिथे काही नव्हतं. “पर्यावरणाचा तिसरा घटक सांगा,” मी म्हणाले.

परीक्षा अंबाजोगाईला, एका कॉलेजच्या संगणकाच्या खोलीत. मी बरोबर गेले. दारावरच्या पहारेकऱ्यानं ह्यांचे खिसे तपासले तेव्हा पक्कड, टेस्टर, नळाचं वायसर आणि तंबाखूची पुडी निघाली.

“काका, परीक्षेला आलात का कनेक्शन तोडायला?”

मागे उभी असलेली कॉलेजची पोरं फिदीफिदी हसली. मी ती सगळी हत्यारं पदरात घेऊन पायरीवर बसले. तीन तास बसले, दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन तास. बाहेर आल्यावर मी विचारलं, कसं गेलं. हे म्हणाले, “समदं आठवत होतं. पर तुझ्या आवाजात. एका प्रश्नाला तर तू ‘भाकरी उलटा’ म्हणलीस ते बी आठवलं.”

ते चारही विषयांत पास झाले. सगळ्यात जास्त गुण संवादकौशल्यात. दिवसाला मोजून वीस शब्द बोलणारा माणूस!

मेमधली केंद्रावरची परीक्षा आम्ही दोघांनी आपापल्या नावावर दिली आणि दोघंही पास झालो. मला ह्यांच्यापेक्षा सत्तावीस गुण जास्त पडले. ते सत्तावीस गुण घेऊन मी कुठे जाणार? माझे चार विषय कमी. हे पदवीधर झाले.

गावात टपरीवर ह्यांची जी काही उडवली लोकांनी! “काय बे बीए, मोटरचं बटण मराठीत दाबतो का इंग्रजीत?” “सरका रं, साहेबाला बाक द्या.” हे नुसते चहा पीत बसायचे. एकदाच म्हणाले, “बायकोला इचारा, तिनं शिकीवलंय.” त्यावर टपरी अजून हसली. त्यांना वाटलं, हाही विनोद.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सचिवांनी आम्हाला ऑफिसात बोलावलं. मॅडमची खुर्ची रिकामी होती. सचिव तिच्या शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते आणि टेबलावर एक कागद तयार होता.

“मावशी, मी समदं ऐकलं. लई हसलो. आमच्या मंडळींना सांगितलं, त्या बी हसल्या. पर आता एक आयडिया ऐका. नियमात लिहिलंय, अधीक्षक पदवीधर पाहिजे. बाईच पाहिजे असं न्हाई लिहिलेलं. तुमच्या घरात पदवी आलीय न्हवं? मग ह्यांचं नाव लावतो. सही हे करतील, काम तुमी करा, आतापत्तोर करीत आलात तसंच. राहायला ऑफिसामागच्या दोन खोल्या. स्वयंपाकाला दुसरी बाई बघू. कुणाचं काय अडलं?”

कुणाचंच काही अडलं नव्हतं. हे मी आजही मान्य करते. चांगल्या मनानं दिलेला मार्ग होता. दोन खोल्यांना खिडक्या होत्या. धुरातून सुटका होती. सचिवांनी पेन उघडून ह्यांच्यापुढे धरलं आणि ह्यांनी ते नेहमीप्रमाणे माझ्या हातात दिलं, कारण घरातले सगळे कागद मीच भरते, हे फक्त शेवटी सही करतात. मी कागद वाचला. नाव लिहायची जागा मोकळी होती. मी पहिलं अक्षर काढलंसुद्धा. ह्यांच्या नावाचं.

मग पेन खाली ठेवलं.

“नको, सर.”

“आं? कावून?”

मला कारण सांगता आलं नाही. मयताच्या भावाला हसवणाऱ्या मला. दुसरा चहा घेणार का असं कुणी विचारल्यावर आपण नको म्हणतो, तेवढ्याच जोरात मी नको म्हणाले होते. अंगात वीज नाही, डोळ्यांत पाणी नाही. ऑफिसातलं घड्याळ बंद पडलेलं होतं, मी त्याच्याकडे पाहत होते.

“मावशी, इचार करा. मी जुलैपर्यंत थांबू शकत न्हाई. दुसरी बाई आली तर ती आली.”

“येऊ द्या. माझे चार विषय राहिलेत. ते मी करते.”

सचिव ह्यांच्याकडे वळले. “तुमी तरी सांगा हो हिला. पदवीधर हाय तुमी.”

हे उठले. कमरेवर हात ठेवून उठतात तसे, तीन हप्त्यांत. “सर,” ते म्हणाले, “मी पदवीधर हाय ते आमच्या हिच्या म्हणण्यावरून. ही न्हाई म्हणतीया तर न्हाई.”

बाहेर आल्यावर मोटरपाशी त्यांनी विचारलं, “खरंच कावून न्हाई म्हणलीस?”

“मला माहीत न्हाई. पीठ काढून द्या दोन पायल्या.”

त्यांनी काढून दिलं. ती संध्याकाळ मी कधी कुणाला गोष्टीत सांगत नाही. तिच्यात हसण्यासारखं काही सापडलं नाही, आणि रडण्यासारखंही.

पंधरा दिवसांत नवीन मॅडम आल्या. चौसाळ्याच्या, वयानं माझ्या लेकीएवढ्या, एमए, पालींना घाबरणाऱ्या. मी त्यांना किल्ल्या दिल्या. कोठीची कुठली, कपाटाची कुठली; कोण झोपेत चालतं, कुणाला वांगं चालत नाही, कुणाचा बाप फोनवर रडतो म्हणून त्याचा फोन पोरीला देण्याआधी जरा वेळ आपण बोलायचं. त्या वहीत लिहून घेत होत्या. “मावशी, हे सगळं तुम्हाला कसं माहीत?” त्यांनी विचारलं. चांगली पोरगी आहे. तिच्यावर राग धरायचा मी प्रयत्न केला होता, दोन दिवस. जमला नाही.

जुलैत मी माझ्या नावाचं खातं काढलं. लेकीनं तिचा जुना फोन दिला. बोट टेकवायला त्याच्यासोबत एक काडी मिळाली, ती धरली की काचेला मी दिसते. चार विषय पुन्हा पहिल्यापासून. हिरव्या साडीतल्या बाई होत्या तशाच होत्या. पुढचं वाक्य मला आधीच पाठ असायचं आणि आम्ही दोघी बरोबर बोलायचो. हिवाळ्यात पोरांनी वसतिगृह भरलं, माझ्या भाकऱ्या दुप्पट झाल्या आणि त्यातच मी अंबाजोगाईला जाऊन परीक्षा दिली. पायरीवर हे बसले, माझा डबा पदराऐवजी धोतरात धरून. पास झाले. पदवीचा कागद यायचा तेव्हा आला. खुर्चीत नवीन मॅडम आहेत आणि त्या तिथे नीट बसल्या आहेत. मी स्वयंपाकीण आहे, बीए.

मागच्या महिन्यात मॅडम बहिणीच्या लग्नाला आठ दिवस गेल्या. जाताना त्यांनी सचिवांना सांगितलं, प्रभार मावशींकडे द्या, त्या आता पदवीधर आहेत. लेखी आदेश आला. त्यावर माझं नाव होतं, पुढे-मागे कुणाचंच नाही. मी तो दोनदा वाचला. काही वाटतंय का, म्हणून जरा थांबले. ओट्यावर शेंगदाणे गार होत होते, ते सोलायला घेतले.

पण दुसऱ्याच दिवशी पाण्याची टाकी भरून वाहिली. चौकीदारानं मोटर चालू केली आणि टपरीवर जाऊन बसला. निम्मं अंगण चिखल. मी ऑफिसात गेले, संस्थेच्या कोऱ्या कागदावर रीतसर लिहिलं की आपल्या निष्काळजीपणामुळे पाण्याची नासाडी झाली असून आपण चोवीस तासांत लेखी खुलासा सादर करावा, आणि एका चौथीतल्या मुलीच्या हाती तो कागद मोटरपाशी पाठवला. खिडकीच्या गजांना सातवीच्या सगळ्या पोरी लटकल्या होत्या. ह्यांनी कागद वाचला. उलटा करून पाहिला. मग माझ्या खिडकीकडे पाहिलं. मी टेबलावरची फाइल चाळत होते, भुवया उंच करून.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुलासा आला. आख्ख्या संसारात त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलेला पहिला कागद. अक्षर मोळ्या रचल्यासारखं, आडवंतिडवं. लिहिलं होतं:

“अर्जदार टपरीवर गेलता हे खरं हाय. टाकी भरायला पाऊण तास लागतो असं वाटलं, अर्ध्या तासात भरली. पाणी वाया गेलं ते वाईट झालं. अंगण झाडून घेतलं आहे. पुन्हा होणार नाही. झालं तर कळवावे.”

खाली सही, आणि सहीपुढे बीए लिहिलं नव्हतं.

मी तो दोनदा वाचला. पोरी पुन्हा खिडकीत उभ्या. मी पेन उघडलं, खाली लिहिलं, ‘वाचले, खुलासा मान्य’, आणि माझी सही केली, पूर्ण नावाची. सवय नसल्यामुळे ती रेघेच्या बाहेर गेली.